पाण्यात उतरलेला वर्ग

[दृश्य: सकाळ. ओढ्याचा काठ. गमबूट घातलेले विद्यार्थी, काठावर उघडी पेटी, बाटल्या.]

हा पदव्युत्तर पर्यावरण अभ्यासक्रमाचा वर्ग. पाण्यात गुडघाभर उतरलेला हा मुलगा अर्थशास्त्राचा पदवीधर आहे. त्याच्या हातात ३०० मिलिलिटरची काचेची बाटली आहे. काठावर उभी असलेली मुलगी रसायनशास्त्र शिकून आलेली. ती ओरडून सांगतेय, "तिरकी धर! बुडबुडा राहिला तर नमुना फेकावा लागेल!"

तिचं बरोबर आहे. पाण्यात किती ऑक्सिजन विरघळलाय हे मोजायचं असेल, तर बाटलीत अडकलेला हवेचा एक बुडबुडाही उत्तर बिघडवतो. बाटली भरली की त्यात लगेच दोन द्रावणं सोडायची, बूच लावायचं आणि उलटसुलट करत हलवायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका तयार होतो. साका पांढराच राहिला, तर त्या पाण्यात माशाला श्वास घ्यायला काही उरलेलं नाही.

ही पद्धत १८८८ सालची. लायोश विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञानं डॉक्टरेटचा अभ्यास करताना ती शोधली. आज खिशात मावणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रं आहेत, आकडा पडद्यावर येतो. तरीही बरेच शिक्षक निदान एकदा हे सगळं हातानं करायला लावतात. विद्यार्थी कुरकुरतात. पण पडद्यावरच्या आकड्यावर शंका घ्यायची असेल, तर तो आकडा मुळात कसा निघतो हे हाताला ठाऊक असावं लागतं.

[दृश्य: प्रयोगशाळा. ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या उभ्या काचनळीतून, पडणारे थेंब. निळा रंग एकदम नाहीसा होतो.]

याच पाण्याच्या दुसऱ्या बाटल्या आता २० अंश सेल्सिअसला, अंधारात, ५ दिवस राहतील. पाण्यातले सूक्ष्मजीव सेंद्रिय घाण खाताना किती ऑक्सिजन वापरतात, ते पाचव्या दिवशी कळतं. म्हणजे पाचव्या दिवशी कोणीतरी प्रयोगशाळेत यायलाच हवं. मंगळवारी नमुने घेतले की पाचवा दिवस रविवारी पडतो, हे गणित पहिल्या वर्षाच्या मुलांना एका रविवारी चांगलं समजतं. मग पाळ्या लागतात. कोणाची परीक्षा, कोणाचं दुखणं, कोणाला घरी जायचंय, हे सगळं त्या पाळ्यांच्या तक्त्यावर सांभाळलं जातं. वर्गाची ओळख परिचयाच्या कार्यक्रमात होत नाही, ती या तक्त्यावर होते.

[दृश्य: गवताळ माळ. एक मीटर बाय एक मीटरची चौकट जमिनीवर.]

पदव्युत्तर पर्यावरण अभ्यासक्रमात येणारी माणसं एका वाटेनं आलेली नसतात. कोणी वनस्पतिशास्त्रातून, कोणी स्थापत्य अभियांत्रिकीतून, कोणी कायद्याची पदवी घेऊन, कोणी चार वर्षं नोकरी करून. पहिले काही महिने प्रत्येकाला वाटत असतं की बाकीच्यांना मूळ मुद्दाच कळलेला नाही.

आता ही चौकट पाहा. आतल्या वनस्पतींच्या जाती ओळखायच्या, मोजायच्या, लिहायच्या. पण चौकट टाकायची कुठे? काटेरी झुडूप टाळून, सावली बघून, बसायला सोयीची जागा शोधून ती टाकण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. संख्याशास्त्राचा विद्यार्थी म्हणतो, जागा यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारख्या, आकड्यांवरूनच ठरणार. वनस्पतिशास्त्राची मुलगी म्हणते, मग ओढ्याकाठच्या दुर्मीळ जाती सुटतील, आधी माळाचे पट्टे पाडा. कायद्याच्या पदवीधराला वेगळीच काळजी: उद्या हा अहवाल कोणी न्यायालयात ठेवला, तर जागा कोणी निवडली याची नोंद कुठे आहे?

हा वाद तासभर चालतो. शिक्षक तो थांबवत नाहीत, आणि मला ते योग्य वाटतं.

परिसंस्थेच्या अभ्यासात अशी मोजणीची चौकट रुजवणाऱ्या दोघांपैकी एक होते रॉस्को पाउंड. त्यांनी आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या गवताळ प्रदेशात काम करून १८९८ साली ही पद्धत मांडली. हेच पाउंड पुढे १९१६ ते १९३६ हार्वर्डच्या कायदा विद्यालयाचे डीन होते. आणि तळ्याच्या पाण्याची पारदर्शकता मोजायला दोरीनं खाली सोडतात ती तबकडी? ती १८६५ साली भूमध्य समुद्रात वापरून पाहिली अँजेलो सेक्की यांनी, ते खगोलशास्त्रज्ञ होते. बाहेरून आलेल्यांचं या विषयात पहिल्यापासून चालत आलंय.

[दृश्य: वर्ग. टेबलावर एक वाडगा, त्यात लाकडी सोंगट्या. भोवती पाच जण.]

दुपारचा हा तास खेळाचा वाटतो. वाडगा म्हणजे तळं, सोंगट्या म्हणजे मासे. प्रत्येक फेरीत हव्या तितक्या उचला. जितक्या उरतील तितक्याच पुढच्या फेरीआधी पुन्हा टाकल्या जातील. पहिल्या डावात बोलायला बंदी.

बहुतेक वेळा तळं दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच रिकामं होतं. हसण्याचा आवाज होतो, थोडी चिडचिडही. "तू सहा उचलल्यास म्हणून मी आठ उचलल्या."

१९६८ साली अमेरिकन जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी नेमकं हेच मांडलं होतं: सामाईक कुरण सगळ्यांना खुलं असलं, तर प्रत्येक जण आपलं एक जनावर वाढवत जातो आणि कुरण उजाड होतं. वर्गातले निम्मे लोक इथवर वाचूनच आलेले असतात.

मग दुसरा डाव. नियम तेच, फक्त आता बोलायची मुभा. शिक्षा नाही, दंड नाही, देखरेख करणारा कोणी नाही. आणि वाडगा बराच जास्त वेळ टिकतो.

एलिनॉर ऑस्ट्रम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना असेच खेळ खेळायला लावले होते. नुसत्या बोलण्यानं सगळ्यांचं मिळून होणारं उत्पन्न वाढतं, हे त्यांना दिसलं. त्याआधी त्यांनी स्वित्झर्लंडमधली डोंगराळ कुरणं, जपानमधली गावांची सामाईक जंगलं, स्पेनमधले शेकडो वर्षं चाललेले कालवे यांचे दाखले अभ्यासले होते. हार्डिनना जे अटळ वाटलं, ते तिथल्या लोकांनी नियम करून, एकमेकांवर नजर ठेवून टाळलं होतं. २००९ साली ऑस्ट्रम यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री, आणि शिक्षणानं राज्यशास्त्राच्या.

खेळ संपल्यावरची चर्चा मात्र इतकी गुळगुळीत होत नाही. एक विद्यार्थिनी विचारते, "पाच जण एका टेबलाशी बसून बोलू शकतात. वातावरणात जाणारा कार्बन डायऑक्साइड कोणत्या टेबलाशी बसवायचा?" यावर शिक्षकही पटकन बोलत नाहीत.

[दृश्य: ताडपत्रीवर पसरलेला कचरा. हातमोजे, वजनकाटा, तोंडाला फडकी.]

आवारातल्या कचऱ्याची मोजदाद. एका दिवसाचा कचरा ताडपत्रीवर ओतायचा, वेगळा करायचा, वजन करायचं. वासाबद्दल निवेदनात सांगण्यासारखं काही नाही. सर्वांत जास्त खजील करणारा ढीग बहुधा विद्यार्थ्यांच्याच विभागाचा असतो, एका बाजूनं छापलेल्या कागदांचा.

अशा विसंगती इथे सारख्या भेटतात. हवामानावरच्या परिषदेला विमानानं जायचं का? प्रयोगशाळेत एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या नळ्यांचं काय? कोणी फार कडक होतं, कोणी म्हणतं आधी काम होऊ दे. काही मैत्र्या यावर काही दिवस तुटतात.

[दृश्य: रात्र. झाडांमध्ये ताणलेली पांढरी चादर, मागे दिवा. पतंग येऊ लागतात.]

या रात्रीला गुण नाहीत. हजेरीही नाही. चादर लावली, दिवा लावला की पतंग येतात, आणि पतंगांमागोमाग पदार्थविज्ञानातले संशोधक, ग्रंथालयातली माणसं, कोणाची तरी लहान मुलं. ओळख पटली तर नाव, नाहीतर फोटो काढून ठेवायचा. अर्थशास्त्राचा तो मुलगा आता पंखांवरच्या रेषांवरून कुळ सांगतो. अर्ध्या वेळा चुकतो.

नाहीशा होणाऱ्या गोष्टींचा अभ्यास रोज करणं मनाला जड जातं. त्याबद्दल वर्गात कोणी सहसा बोलत नाही, इथे चादरीशी उभं राहून बोलतात.

[दृश्य: सभागृह. समोर ओढ्याकाठचे रहिवासी, मंचावर विद्यार्थी, मागे आलेख.]

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी निष्कर्ष लोकांपुढे ठेवायचे असतात. ज्यांच्या अंगणातून ही मंडळी बाटल्या घेऊन गेली, ते लोक समोर बसलेत. आलेख सुंदर आहेत. आकडा किती इकडेतिकडे असू शकतो हे दाखवणाऱ्या त्रुटीच्या पट्ट्यांसकट.

मागच्या रांगेतल्या एक आजीबाई हात वर करतात. "ते सगळं ठीक आहे बाळांनो. माझी नातवंडं त्या पाण्यात खेळली तर चालेल का?"

मंचावर कुजबुज होते. ऑक्सिजन मोजला, गढूळपणा मोजला. पण अंगाला लागणाऱ्या पाण्यासाठी आधी बघावे लागतात विष्ठेतून येणारे जिवाणू, आणि ते या वर्षीच्या आराखड्यातच नव्हते. शेवटी रसायनशास्त्राची मुलगी माइक हातात घेते. "आजी, याचं उत्तर आमच्या मोजणीतून देता येत नाही. तोवर खेळू देऊ नका. पुढच्या तुकडीला आम्ही हे मोजायला सांगू."

[दृश्य: प्रयोगशाळेचा कोपरा. जुन्या आणि नव्या तुकडीची मुलं एका संगणकाभोवती.]

आज सोपवणी आहे. नमुने घ्यायच्या जागांचे अक्षांश-रेखांश, यंत्रं शेवटची कधी जुळवून घेतली त्या तारखा, नोंदवह्या, गमबुटांची मापं. यादीत सर्वांत वर, लाल अक्षरांत: जिवाणू.

नव्या तुकडीतली एक मुलगी तक्ता खाली सरकवत थांबते. "हा सातवा रकाना अर्धा रिकामा का आहे?"

दुसऱ्या वर्षाचे सगळे एकदम बोलायला लागतात.