आतड्याचं भांडण नक्की कुणाशी?

(दृश्य: म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, मिरच्या, सुकं मासळं, चवरीस)

पोट बिघडलं की गोव्यात पहिला संशय ताटावर. पण महिनोन्महिने जुलाब, शौचातून रक्त, उतरत चाललेलं वजन, आणि तपासणीत एकही जंतू नाही? मग ताटाला दोष देऊन भागत नाही. तो क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे आतड्याला सतत सूज आणणारा आजार, असू शकतो.

(दृश्य: बांबोळीचा रस्ता, गोमेकॉचं, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं, फाटक)

"घरात आणखी कुणाला?" डॉक्टर विचारतात. "ना, आमच्यात कुणाक ना," असं उत्तर बहुतेकदा येतं. ते खरंही असतं.

(ॲनिमेशन: आतड्याची आतली भिंत)

आतड्यात कित्येक लाख कोटी जीवाणू राहतात. त्यांच्या आणि आपल्या मध्ये श्लेष्माचं अस्तर आणि पेशींचा एकच थर. पलीकडे रोगप्रतिकारक पेशी. एरवी त्या या बिऱ्हाडकरूंकडे काणाडोळा करतात. क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये तो काणाडोळाच संपतो. टीएनएफ, इंटरल्यूकिन-२३ असे रासायनिक निरोप सुटत राहतात आणि सूज उतरत नाही.

२००१ साली क्रोन्सशी जोडलेला पहिला जनुक सापडला: नॉड-टू, सोळाव्या गुणसूत्रावर. जीवाणूच्या भिंतीचा तुकडा ओळखणं हे त्याचं काम. ती ओळख चुकली की जीवाणू वेळेत आवरले जात नाहीत, आणि मागाहून दंगा उसळतो. गंमत अशी, की युरोपात गाजलेले त्याचे तीन बदल भारतीय रुग्णांत जवळजवळ दिसतच नाहीत. आजार मात्र दिसतो. म्हणजे परक्यांची जनुकचाचणी आणून आपल्याला लावण्यात फारसा अर्थ नाही.

आज जनुकसंचातल्या २०० हून अधिक जागा या आजारांशी जोडल्या आहेत. एकेकीचा वाटा लहानसा. जुळ्या भावंडांचे जनुक अगदी सारखे असले, तरी एकाला क्रोन्स झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असं नाही. धूम्रपान, लहानपणची अँटिबायोटिक्स, बदललेला आहार यांचाही हात असतो. तेव्हा सुनेच्या माहेराकडे बोट दाखवणं बंद करावं.

(दृश्य: एंडोस्कोपीचा पडदा)

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. आतड्याचा क्षय हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो. बायोप्सीनंतरही, म्हणजे आतड्याचा तुकडा काढून तपासल्यावरही, कधीकधी निवाडा होत नाही. आणि क्रोन्सवरची काही औषधं टीएनएफला अडवतात, तोच टीएनएफ जो शरीरात दडलेल्या क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवतो. म्हणून पहिल्या इंजेक्शनाआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी करतात, रुग्णाला खोकला नसला तरीही.