पिंप नावं सांगत नाही

नमस्कार मंडळी. आजचा विषय जरा जड आहे, पण बरेच दिवस मनात घोळतोय, म्हणून बोलूनच टाकते. एखादा खुनाचा खटला चालू असतो, आपण रोज पेपरात वाचत असतो, आणि मग एक दिवस बातमी येते की आरोपींपैकीच एकजण माफीचा साक्षीदार झाला, आता तो कोर्टात सगळं सांगणार. सगळीकडे एकच सूर, चला, सुटली केस. मला मात्र नेमकी त्या दिवसापासून धाकधूक वाटायला लागते.

१९७८ साली मी १९ वर्षांची होते. घर सदाशिव पेठेत. पुण्यात तेव्हा जोशी-अभ्यंकर खून खटला चालू होता. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना काही सांगायला नको, पण आजच्या मुलांसाठी सांगते. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ एवढ्या काळात दहा खून झाले, त्यात दोन घरंच्या घरं संपवली, ३१ ऑक्टोबरला जोशींचं आणि १ डिसेंबरला भांडारकर रोडवर अभ्यंकरांचं. संध्याकाळी सात वाजले की रस्ते ओस पडायचे. दारावर टकटक झाली तरी आई आधी खिडकीतून बघायची, मग कडी काढायची. आणि पकडले गेले ते कोण, तर टिळक रोडवरच्या कला महाविद्यालयातली मुलं! माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असतील फारतर. आमच्याच बसस्टॉपवर उभी राहिली असतील, आमच्याच दुकानातून वही घेतली असेल.

या मुलांचा पहिला बळी त्यांच्याच वर्गातला एक मुलगा होता. त्याला फसवून नेलं, त्याच्या हातून घरच्यांना चिठ्ठी लिहून घेतली, मग नायलॉनच्या दोरीने गळा आवळला आणि लोखंडी पिंपात दगडांबरोबर घालून सारसबागेच्या तळ्यात सोडलं. सव्वा वर्ष ते पिंप पाण्यात होतं, वर लोक भेळ खात होते, गणपतीला जात होते, आम्ही पण जात होतो. हे सगळं कोर्टात ज्याने सांगितलं तो त्या पहिल्या खुनात त्यांच्याबरोबर असलेलाच एक मुलगा. त्याला माफी मिळाली होती.

मला इतका राग आला होता म्हणून सांगू, वडिलांशी भांडलेच मी. म्हटलं, बाबा, हा तिथे होता, याने बघितलं, गप्प बसला, आणि हा गप्प बसला म्हणून पुढचे नऊ जण गेले, आणि हा घरी जाणार? बाबा सरकारी नोकरीत कारकून होते, वकील वगैरे कोणी नाही, पण खटले वाचायची भारी आवड. ते म्हणाले, घरी जाऊ दे गं, तो प्रश्न वेगळा आहे. तू हे बघ की तो म्हणतो त्यातलं त्याच्या तोंडाशिवाय दुसरं कोण म्हणतंय. मी म्हटलं, पिंप सापडलं ना तळ्यात, सांगाडा निघाला आत. तर म्हणाले, पिंप नावं सांगत नाही.

तेव्हा मला ते कळलंच नाही. खरं सांगते, रागच आला आणखी. पण ते वाक्य डोक्यात राहिलं ते राहिलंच.

म्हणजे बघा, साथीदार साक्षीदाराची गोष्ट ही बहुतेक वेळा खरीच असते. तो तिथे होता ना! कुठे भेटले, कुठल्या रस्त्याने गेले, दोरी कसली होती, अंगावर कपडे काय होते, सगळं त्याला पाठ असतं कारण त्याने ते जगलेलं असतं. वकिलाने कितीही उलटसुलट विचारलं तरी तो अडकत नाही. पण या सगळ्या खऱ्या गोष्टीत एकच नाव इकडचं तिकडे केलं तर? स्वतःच्या हातातली दोरी दुसऱ्याच्या हातात दिली तर? बाकी सगळं जुळतंच की. पिंप तळ्यातच सापडणार, सांगाडा आतच असणार.

माझ्या बाबांचं हे म्हणणं पुढे मला एका निकालात जवळजवळ तसंच सापडलं तेव्हा अंगावर काटा आला. भुबनी साहू म्हणून ओरिसातल्या एका खुनाची केस होती, ती लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टापर्यंत गेली होती, निकाल १९४९ चा, आणि लिहिणारे होते सर जॉन बोमाँट, म्हणजे आपल्या मुंबई हायकोर्टाचेच आधीचे चीफ जस्टिस. त्यांनी म्हटलंय त्याचा अर्थ असा की साथीदार वाईट माणूस असतो, दोस्तांना दगा देतो, सरकारच्या बाजूने झुकलेला असतो, हे सगळं आहेच, पण खरा धोका यात नाहीच, खरा धोका हा की त्याची गोष्ट ढोबळ मानाने खरी असते आणि तिच्यात खोटं मिसळून देणं त्याला सोपं जातं. आणि दुसरा साथीदार पहिल्याला दुजोरा देतोय म्हणून भागत नाही, कारण दोघंही एकाच चिखलातले. त्या केसमध्ये अपील करणारा सुटला.

आता याच १९४९ सालातली दुसरी केस, तिचं नाव घेतलं की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात, पण मी तटाचं बोलत नाहीये, साक्षीचं बोलतेय. गांधीजींच्या खुनाचा खटला. दिल्लीला लाल किल्ल्यात चालला, न्यायाधीश आत्माचरण. त्यातला माफीचा साक्षीदार पुण्याचाच, दिगंबर बडगे. पुण्यात त्याचं शस्त्र भांडार होतं, चाकू-सुरे, जंबिये, आणि आतून बरंच काही. २० जानेवारी १९४८ ला बिर्ला हाऊसवर पहिला प्रयत्न झाला, कटातल्या मदनलालने स्फोट केला तो दिवस, तेव्हा बडगे तिथे होता. प्रार्थनेच्या जागेच्या मागच्या खोलीत शिरून जाळीतून गोळी झाडायची असं त्याच्यावर सोपवलं होतं म्हणतात, त्याचं धाडस झालं नाही. दहा दिवसांनी काय झालं ते जगाला माहीत आहे. ३१ जानेवारीला बडगेला पुण्यात पकडलं आणि जून महिन्यात त्याला माफी मिळाली.

बडगे साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि बोलतच गेला. मुंबईत भुलेश्वरला दीक्षित महाराजांकडे हत्यारांची पिशवी ठेवली, हे त्याने सांगितलं आणि दीक्षित महाराजांनी येऊन तसंच सांगितलं. दिल्लीत टॅक्सीने बिर्ला हाऊसला गेलो म्हणाला, तर टॅक्सीवाला आला साक्षीला. एकेक कडी जुळत गेली. न्यायाधीशांनी निकालात चक्क लिहिलं की हा माणूस सरळ बोलतो, टाळाटाळ करत नाही, खरं सांगतोय असं वाटतं.

आणि तरीही! त्याच साक्षीत बडगेने सांगितलं होतं की १७ जानेवारीला नथुराम गोडसे आणि त्याचा साथीदार आपटे यांच्याबरोबर तो दादरला सावरकर सदनात गेला, तो खाली थांबला, ते दोघे वर गेले, पाच-दहा मिनिटांनी खाली आले आणि मागोमाग सावरकर आले आणि म्हणाले, यशस्वी होऊन या. आता याला दुजोरा काय? मुंबईच्या टॅक्सीवाल्याने सांगितलं की शिवाजी पार्कच्या बाजूला नेलं होतं. त्याआधी १४ तारखेला एका नटीने आपल्या गाडीतून नथुराम-आपटेंना त्याच भागात सोडलं होतं, ती पण बोलली. म्हणजे त्या भागात गेले, खरं. पण जिन्याखाली काय ऐकलं ते एकट्या बडगेने ऐकलेलं. न्यायाधीश म्हणाले, एकट्या माफीच्या साक्षीदाराच्या शब्दावर सावरकरांविरुद्ध निष्कर्ष काढणं सुरक्षित नाही. १० फेब्रुवारी १९४९ ला सात जण दोषी, सावरकर निर्दोष.

बघा, एकच माणूस, एकच साक्ष, तोच पिंजरा, आणि कोर्ट म्हणतं याच्यावर विश्वास आहे, पण या आरोपीपुरता पुरेसा नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दुजोरा हा गोष्टीला मिळून चालत नाही, तो माणसागणिक लागतो. हा आरोपी, याचा हात, हे त्या साथीदाराशिवाय दुसरं कोण सांगतंय?

पुढे १९६५ नंतर गांधीजींच्या खुनाच्या कटाची चौकशी करायला कपूर आयोग बसला, त्यांच्यासमोर सावरकरांचे सेक्रेटरी आणि अंगरक्षक यांनी १९४८ मध्येच पोलिसांना दिलेले जबाब आले, ज्यात नथुराम-आपटेंच्या भेटींबद्दल होतं. या दोघांना लाल किल्ल्यात साक्षीला बोलावलंच नव्हतं. यावरून लोक आजही कडाडून भांडतात आणि मला दोन्ही बाजूंना एकच सांगायचंय की पोलिसांना दिलेला जबाब म्हणजे शपथेवरची साक्ष नाही, त्यांची उलटतपासणी झाली नाही, आणि आयोगाचा रिपोर्ट आला तोवर सावरकर जाऊन तीन वर्षं झाली होती. दुजोरा होता तर तो तेव्हा कोर्टात आणायला हवा होता, तिथेच तो तपासला गेला असता, सावरकरांसमोर.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगते. १८७२ च्या पुरावा कायद्यात दोन कलमं होती आणि वरवर बघितलं तर ती एकमेकांच्या विरुद्धच वाटायची. १३३ म्हणायचं की साथीदाराच्या एकट्याच्या साक्षीवर शिक्षा दिली तर केवळ तेवढ्यामुळे ती बेकायदा ठरत नाही. आणि ११४ च्या खालचं एक उदाहरण म्हणायचं की साथीदार विश्वासाला पात्र नाही असं कोर्ट धरून चालू शकतं, दुजोरा नसेल तर. या दोन्हींचा मेळ सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्ये घातला, तोही आपल्याच एका केसमध्ये, परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या खुनांच्या. निकाल न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांचा. म्हणाले यात विरोध नाहीच, शिक्षा देता येते हे खरं, पण सर्वसाधारणपणे दुजोऱ्याशिवाय विसंबू नये. आता १ जुलै २०२४ पासून जो नवा साक्ष अधिनियम आलाय त्यात १३८ व्या कलमात शब्दच बदललाय, दुजोरा असलेल्या साक्षीवरची शिक्षा बेकायदा नाही, असं आलंय. एका शब्दाचा फरक, पण १५० वर्षांनी झाला आणि मला तो योग्य वाटतो.

पण माफीची जी पद्धत आहे ना, तिच्याबद्दलची माझी काळजी यानेही जात नाही. माफी कशावर मिळते, तर सगळं आणि खरं सांगेन या अटीवर. छान. पण तो अटीप्रमाणे बोलला की नाही हे आधी कोण म्हणणार, तर सरकारी वकील. त्यांनी सर्टिफिकेट दिलं की हा काहीतरी लपवतोय किंवा खोटं बोलतोय, तर माफी धोक्यात आणि त्याच्यावर पुन्हा खटला उभा राहू शकतो. आधीच जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत तो तुरुंगातच असतो. आता असा माणूस पहिल्या दिवशी पोलिसांसमोर भीतीने एखादं नाव बोलून गेला असेल, तर वर्षभराने कोर्टात उभं राहून तो म्हणेल का की साहेब, तेवढं एक नाव माझ्याकडून चुकीचं गेलं? फास डोळ्यासमोर असताना? मी नसते म्हणू शकले. तुम्ही तरी म्हणाल का, विचारा स्वतःला.

पुण्याच्या केसमध्ये मात्र माझी शंका तितकीशी टिकली नाही हे मी प्रामाणिकपणे सांगते. तिथे त्या मुलाच्या साक्षीपलीकडे बरंच होतं, सेशन्स कोर्टाने २८ सप्टेंबर १९७८ ला फाशी दिली, हायकोर्टात कायम झाली, सुप्रीम कोर्टात कायम झाली, २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. आणि त्यातल्या एकाने तुरुंगात बसून लिहिलेल्या पुस्तकात स्वतःच कबूल केलं. त्या दिवशी बाबांनी पेपर वाचून घडी करून ठेवला आणि काही बोलले नाहीत. मी पण काही बोलले नाही.

मला छळते ती दुसरीच गोष्ट. लाल किल्ल्यातल्या आरोपींच्या बाकावर एक पोरगा बसायचा, शंकर किस्तय्या. बडगेचा नोकर. मालक म्हणेल ती पिशवी उचलायची, मालक नेईल तिथे जायचं. मालकाबरोबर तो दिल्लीला गेला, बिर्ला हाऊसला गेला. कोर्टात काय चाललंय ते त्याला तेलुगूत भाषांतर करून सांगावं लागायचं. जुलै १९४८ मध्ये तो तिथे बसून आपल्या मालकाची साक्ष ऐकत होता, दुभाष्याच्या तोंडून. मालक पिंजऱ्यात, पण साक्षीदाराच्या. नोकर आरोपीच्या. ज्याने हत्यारं विकली, ज्याने पोरग्याला बरोबर घेतलं, त्याला माफी, आणि पोरग्याला जन्मठेप. न्यायाधीशांनाही ते बोचलं असावं, त्यांनी शिक्षा सात वर्षांवर आणावी अशी शिफारस केली.

अपील सिमल्याला तीन न्यायमूर्तींपुढे चाललं. शंकरला त्यांनी सोडून दिलं. जून १९४९ मध्ये. त्याच्या मालकाला माफी मिळाली त्याला तेव्हा एक वर्ष झालं होतं.