मैत्रीण ‘बनवली’, पुढे काय?

मंडळींनो, नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या मंडळाच्या मराठी वर्गात सात वर्षांची एक मुलगी खुशीत म्हणाली, “मी शाळेत एक मैत्रीण बनवली.” मागे बसलेल्या एक आजी हसल्या. “बनवली? माती होती का? मैत्री होते गं, बाळा.” त्यावर ती म्हणाली, “आणि नाही झाली तर?”

आजी गप्प. बाकीचे आपण मोबाइलमध्ये.

आधी तिची चूक पाहू, कारण ती रोज ऐकू येते. ती वाक्य ‘मी’पासून सुरू करते. ‘मी’ कर्ता झाला की इथे सकर्मक क्रियापद लागतं, आणि हाताशी सापडतं ‘बनवणे’. मराठीत बहुधा मैत्रीच कर्ता असते: ‘माझी तिच्याशी मैत्री झाली.’ ‘मी’चं ‘माझी’ होतं, समोरच्याला ‘शी’ लागतो. ‘मी’ऐवजी ‘माझी’नं सुरुवात करायला लावा, निम्म्या चुका तिथेच संपतात. शिवाय ‘मित्र बनवला’मध्ये एक ‘ला’ घुसला, ‘मित्राला बनवलं’ झालं, की मैत्री संपली! ‘स्वयंपाक बनवला’ म्हणणाऱ्या आपण मोठ्यांनी मात्र यावर फार हसू नये.

होणे, जमणे, जुळणे ही सगळी अकर्मक. ‘जमली’ म्हटलं की थोडे दिवस गेलेले असतात. ‘जुळली’मध्ये स्वभाव आधीच सारखे होते असा सूर येतो. ‘गट्टी’ मुलांची. ‘मेतकूट’ जमतं तेव्हा बोलणाऱ्याच्या ओठांवर हसू असतं, आणि ‘सूत’ जमलं तर विषयच वेगळा. मुलांना हे शब्द देताना तो सूरही द्या, नाहीतर भर कार्यक्रमात फजिती.

आपण दर कार्यक्रमाच्या शेवटी, गाडीची किल्ली चाचपत पसायदान म्हणतो. 1290 सालच्या त्या प्रार्थनेतल्या एका ओवीत ‘भूतां परस्परें जडो, मैत्र जीवांचें’ आहे, काही प्रतींत ‘पडो’. मैत्र ‘जडतं’ किंवा ‘पडतं’. करणारा कुणी नाही.

मग ‘नाही झाली तर?’

त्यासाठीही शब्द आहेत. पहिला, ‘ओळख करून घेणे’. यात ‘मी’ कर्ता होऊ शकतो: ‘मी तिची ओळख करून घेतली.’ इथे ‘तिची’ही चालतं, ‘तिच्याशी’ही. मग ‘मैत्री करणे’, आणि तिथे मात्र ‘शी’च लागतो: ‘माझ्याशी मैत्री करशील?’ म्हणजे मैत्री करता येते. त्या दिवशी आजींचं अर्धंच बरोबर होतं. ‘माणसं जोडणे’ हा तिसरा, पण तो दुसऱ्यानं आपल्याबद्दल म्हणायचा. ‘मी माणसं जोडली’ असं स्वतःच म्हटलं की निवडणुकीचं भाषण होतं. मंडळाच्या अहवालात आपण दरवर्षी म्हणतोच.

एवढं त्या मुलीला सांगता येईल. पण ती हे म्हणणार कुणाला? शाळेतल्या मैत्रिणीला मराठी येत नाही. मराठी येणारी मुलं आठवड्यातून दोन तास भेटतात, तीही आईवडिलांनी ठरवलेल्या वेळी. ‘कट्टी’ आणि ‘बट्टी’ त्यांना ठाऊकच नाहीत. कशी असतील? परवा वर्गात दोघं खडूवरून भांडली, तेव्हा आपण चार मोठी माणसं धावत गेलो आणि ते भांडण सोडवलं. इंग्रजीत.