झोप लागली काय रे बाबू?

[पडवी. पहाट. झाकलेलं ताट, बाजूला पाण्याचा तांब्या. माणूस दिसत नाही.]

आधीच सांगते, या व्हिडिओत माझ्या दादाचा चेहरा दिसणार नाही. ती त्याची अट आहे. हात दाखव म्हणाला, चपला दाखव म्हणाला, पण आवाज नको. कशावर काढतेस म्हणून विचारलं तेव्हा मी म्हटलं आईवर, आणि ते खरंच आहे. दादाच्या मते त्याला कसलाही आजार नाही. आजसुद्धा नाही. डॉक्टरांच्या फाईलवर कितीतरी वर्षं स्किझोफ्रेनिया, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, संशय येणं असा मनाचा आजार, असं लिहिलेलं आहे आणि आमच्या घरात तो शब्द कुणी काढत नाही, आणि तरी त्याची ट्रीटमेंट चालू आहे. हे कसं जमलं आणि जमायला किती वर्षं फुकट गेली ते सांगायचंय.

[कातळ, खाली खाडी, कलमांची बाग.]

देवगड तालुक्यातली आमची वाडी. पंधरा-वीस कलमं, थोडी भातशेती, जांभ्या चिऱ्याचं घर. दादा विरारला राहून नोकरी करायचा. २०१४ च्या गणपतीला सगळ्या चाकरमान्यांसारखा तोही आला, गौरी-गणपती गेले, मुंबईकर परत गेले, हा गेलाच नाही. रजा वाढवलीय म्हणाला. मग एका रात्री आईला हळूच म्हणाला की विरारच्या खोलीत भिंतीपलीकडची माणसं माझ्याबद्दल बोलतात, मी मनात आणतो ते त्यांना आधीच कळतं, आणि आता ती इथवर आलीत. आईने बाहेर जाऊन बघितलं. खरंच बघितलं, बॅटरी घेऊन, पार पाणंदीपर्यंत. मला ते आठवलं की अजून गलबलून येतं.

सुरुवातीला जे सगळीकडे होतं तेच झालं. कुणी म्हणे नजर, कुणी म्हणे विरारला कुणी काहीतरी खायला घातलं. देवळात गाऱ्हाणं घातलं, कौल लावला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, आईला उभं राहायला काहीतरी लागत होतं आणि ते तिला देवळात मिळालं. तक्रार आहे ती अमावास्येला कोंबडे मागणाऱ्या भगताबद्दल, आणि त्याहून जास्त त्या सगळ्या नातेवाईकांबद्दल जे म्हणत होते लगीन करून टाका, आपोआप सुधारतलो. एक स्थळ आलंसुद्धा होतं. आईने त्या लोकांना घरी येऊच दिलं नाही. दुसऱ्याच्या पोरीला कशाला आगीत टाकू, एवढंच म्हणाली. तेव्हा तिला आजाराचं नावही माहीत नव्हतं.

सहा महिन्यांनी कणकवलीला डॉक्टरांना दाखवलं, गोळ्या सुरू झाल्या. तीन आठवड्यांत दादा जेवणाच्या वेळी पानावर बसायला लागला, आवाज कमी झालेत असं स्वतः म्हणाला. आणि मग त्याने गोळ्या एका दिवसात बंद केल्या. का बंद केल्या ते आम्ही विचारलं नाही. म्हणजे विचारलं, पण ओरडून विचारलं. तो म्हणाला, "माका काय झाला नाय. तुमकाच दाखवक व्हया."

[बाबा. खळ्यात बसून आंब्याच्या पेट्या ठोकतायत.]

बाबा तसे मऊ माणूस, पण त्या वर्षांत त्यांचा आवाज दुसऱ्या वाडीत ऐकू जायचा. दुपारी बारापर्यंत झोपतो, आंघोळ करत नाही, फवारणीला येत नाही, शिकलेला पोरगा फुकट गेला. त्यांना वाटायचं आळस आहे. आता कळलंय की आवाज येणं, संशय येणं हा आजाराचा एक भाग, आणि मनच न लागणं, उठायची इच्छाच नसणं हा तितकाच मोठा दुसरा भाग, आणि घरच्यांना नेमका तोच आळस दिसतो. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सोबत्यांनी १९५८ साली एक गोष्ट लिहून ठेवलीय, हॉस्पिटलमधून सुटल्यावर जे पेशंट आईवडिलांकडे किंवा बायकोकडे गेले त्यांच्यापेक्षा भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत गेलेले बरे राहिले. पुढच्या अभ्यासांतून दिसलं की घरात सतत टोचून बोलणं किंवा सतत अंगाशी धरून ठेवणं असेल तर आजार उलटायची भीती वाढते. हे मी बाबांना वाचून दाखवलं. म्हणजे माझ्यामुळे झालं काय, असं विचारलं त्यांनी. नाही बाबा. आजार कुणामुळे होत नाही, घरच्यांमुळे तर नाहीच, पण घरातला आवाज खाली आला की त्याला सोपं जातं एवढंच. त्यानंतर ते काही बोलले नाहीत, पेट्या ठोकत बसले.

[स्वयंपाकघर. आमसुलं भिजत घातलेली.]

आता जे सांगणार आहे ते आईच्या परवानगीने सांगतेय, कारण तिला वाटतं दुसऱ्या कुठल्या आईने हे करू नये.

२०१६ मध्ये कुणीतरी सांगितलं गोळी कुटून जेवणातून द्या, कळत नाही त्यांना. आई सोलकढीतून द्यायला लागली. आंबट चव, रंग असा की काही दिसत नाही. अडीच महिने चाललं, दादा थोडा निवळलाही. मग एक दिवस वाटीच्या तळाला पांढरा साका राहिला. त्याने वाटी उचलली, उजेडात धरली आणि विचारलं, "ह्येच्यात काय घातलंस?"

विचार करा, ज्या माणसाचा आजारच त्याला सांगतोय की तुझ्या जेवणात काहीतरी मिसळतात, त्याच्या जेवणात आम्ही खरोखर मिसळत होतो.

त्या दिवसापासून दादा फक्त साल असलेलं खायला लागला. केळी, शहाळं, स्वतः उकडलेली अंडी, शेंगा. ज्यात कुणाला बाहेरून काही घालता येणार नाही तेवढंच. सहा-सात महिने. आई रोज ताट वाढून पडवीत ठेवायची आणि रोज तसंच उचलायची, आणि आम्ही बाकीचे आत बसून मासे खायचो, घास उतरायचा नाही पण खायचो.

[समुद्राचा आवाज.]

मी तेव्हा पुण्यात शिकत होते. तिथे एका कुटुंबांच्या गटात बसायला लागले, स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन म्हणून संस्था आहे. तिथे पहिल्यांदा ऐकलं की "मला काही झालेलं नाही" हे बऱ्याचदा हट्टाचं बोलणं नसतं, आजाराचाच भाग असतो. इंग्रजीत त्याला अ‍ॅनोसोग्नोसिया म्हणतात, हा शब्द बाबिन्स्की नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९१४ मध्ये काढला, त्याच्याकडे अर्धांगवायूचे पेशंट होते ज्यांचा एक हात हलत नव्हता आणि त्यांना ते पटतच नव्हतं. त्या हाताबद्दल त्यांच्याशी वाद घालून उपयोग आहे का? आम्ही चार वर्षं तेच करत होतो. झेव्हियर अमाडोर नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांच्या सख्ख्या भावाला हा आजार होता, ते म्हणतात तू आजारी आहेस हे पटवायच्या मागे लागू नका, आधी ऐका, त्याच्या जागी जाऊन बघा, ज्यावर दोघांचं एकमत होतं तेवढंच धरा आणि त्यावर सोबत काम करा.

हे मी आईला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हंजे खरा-खोटा करूचा नाय. झोप लागता काय ता बघूचा."

मी इतकं वाचून जे सांगितलं ते तिने एका ओळीत धरलं. कारण झोपेवर दोघांचं एकमत होतं. दादाला झोप लागत नव्हती आणि त्याचा त्याला खरंच त्रास होत होता. तेव्हापासून आई रोज सकाळी एकच विचारते, "झोप लागली काय रे बाबू?" औषध घेतलंस का असं विचारत नाही, डॉक्टरकडे कधी जायचं असंही नाही. आणि माणसं बोलतात असं तो म्हणाला की ती बोलत नाहीत असंही म्हणत नाही आणि बोलतात असंही म्हणत नाही. "तुका भय वाटता ना?" एवढंच विचारते. तेव्हा तो हो म्हणतो.

[पाऊस. विहीर. राहाट.]

पण गोड बोलून सगळं निभावतं असं मी सांगणार नाही. २०१९ च्या जूनमध्ये दादाने विहिरीचं पाणी बंद केलं, त्यात विष आहे म्हणून. शहाळी पावसात कोण काढणार. तिसऱ्या दिवशी त्याला उभं राहता येईना. शेजारचे तांडेल काका घरीच होते, जून-जुलै मासेमारीच्या बोटी बंदच असतात, दादा त्यांचं लहानपणापासून ऐकतो. ते आत जाऊन बसले आणि म्हणाले अंगात ताकद नाही तुझ्या, सलाईन लावून येऊ. खोटं काही सांगितलं नाही. दादा १०८ च्या गाडीत बसला. आधी सलाईन, मग तिथून पुढे मानसोपचारासाठी अ‍ॅडमिट.

इथे कायद्याचं थोडं सांगते कारण आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २०१८ मध्ये. सज्ञान माणूस नको म्हणत असेल तर केवळ घरच्यांना वाटतं म्हणून त्याला भरती करता येत नाही. पण त्याने स्वतःला इजा करायचा प्रयत्न केला किंवा धमकी दिली, दुसऱ्याच्या अंगावर गेला, किंवा स्वतःची काळजी घेणं इतकं सुटलं की त्याला अपाय व्हायचा धोका आहे, तर त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे त्याच्या वतीने बोलायला त्याने स्वतः नेमलेला माणूस, अर्ज करू शकतो. असा कुणी नेमलेला नसेल तर नातेवाईक. मग दोन जण त्याला वेगवेगळं तपासतात, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि दोघांनाही पटलं तरच ३० दिवसांपर्यंत ठेवता येतं. त्याविरुद्ध पेशंट स्वतः या कायद्याखाली नेमलेल्या मंडळाकडे दाद मागू शकतो. आणि साखळीने बांधणं, मग ते घरी असो की बुवाकडे, कायद्याने बंद आहे. पुष्कळ घरांना हा कायदा आडवा येतो असं वाटतं, मला पण त्या पहिल्या तीन दिवसांत वाटलं होतं. आज तसं वाटत नाही. तो नको म्हणतोय हे कुणीतरी कागदावर मोजलं, हे दादाला नंतर उपयोगी पडलं.

आईला सगळ्यात भीती एका शब्दाची होती. रत्नागिरी. १८८६ पासून तिथे मनोरुग्णालय आहे आणि आमच्याकडे पोरं भांडताना म्हणतात, ह्येका रत्नागिरीक पाठवा. एका शहराच्या नावाची शिवी करून ठेवलीय आपण, आणि त्या शिवीच्या भीतीने किती घरं किती वर्षं दवाखान्याची पायरी चढत नाहीत.

दादा २२ दिवसांनी घरी आला आणि महिनाभर आईशी बोलला नाही. हे पण होतं. ज्यांना घरच्या माणसाला अजून अ‍ॅडमिट करायचंय त्यांनी हे धरून चालावं.

पण त्या २२ दिवसांत एक झालं. तिथल्या एका डॉक्टरांनी त्याला शांतपणे विचारलं की पहिल्या गोळ्या का सोडल्या, आणि दादाने सांगितलं, "पाय एका जाग्यार रवनत नाय माजे." गोळीने त्याला असं व्हायचं की बसलं तर उठावंसं वाटायचं, उठलं तर चालावंसं, रात्रभर पडवीत येरझाऱ्या. आम्हाला वाटायचं आजार वाढला. तो औषधाचा साईड इफेक्ट होता, ओळखीचा आहे डॉक्टरांना, डोस कमी करून, औषध बदलून किंवा सोबत दुसरी गोळी देऊन आवरता येतो. त्याच्या नको म्हणण्यात हे एक खरं कारण होतं आणि आम्ही त्याला वेडा ठरवण्याच्या नादात ते ऐकलंच नाही. याचं मला आईच्या सोलकढीपेक्षा जास्त वाईट वाटतं.

औषध बदललं. मग महिन्याचं इंजेक्शन सुरू केलं, ते झोपेसाठी आणि भीतीसाठी असं दादा मानतो, आणि डॉक्टरही तेवढंच म्हणतात. त्या इंजेक्शनचा मोठा फायदा मला विचाराल तर हा की महिन्यातून एकच दिवस औषधाचा विषय निघतो. बाकी २९ दिवस घर घरासारखं असतं.

[टेबलावर एक कागद. दादाचे हात. त्याची सही जवळून.]

दोन वर्षांपूर्वी, चांगल्या दिवसांत, आईने त्याला विचारलं परत तसं झालं तर काय करू. तो म्हणाला, "पोलिसांका बोलवू नको. रातचा नेव नको. बायक फोन कर." बाय म्हणजे मी. मग आम्ही ते साध्या कागदावर लिहिलं, त्याची सही घेतली, प्रतिनिधी नेमायला कायद्यात एवढं पुरतं, आणि आता त्याची नामनिर्देशित प्रतिनिधी मी आहे. ज्याला आपण आजारी आहोत हे मान्य नाही त्याने हे लिहून दिलंय.

आई आता एकवेळचं जेवण त्याच्यासमोर बसून त्याच टोपातलं खाते, आधी ती घास घेते मग तो. आंबोळी खातो, भात-आमटी खातो. सोलकढी अजून पीत नाही, आणि आई आता घरात कुणासाठीच करत नाही. तीन वर्षं ती रात्रीची कुठे गेली नव्हती, भावाच्या घरच्या लग्नालासुद्धा नाही, आता बाबा थांबतात आणि ती जाते. फार अंगावर आलं की १४४१६ ला फोन करते, टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी मदतीचा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात, आणि पेशंटच फोन करायला हवा असं काही नाही.

[भिंतीवरचं कॅलेंडर. एका तारखेखाली पेनाचं टिंब.]

इंजेक्शनच्या तारखेला आई फक्त टिंब काढते, काही लिहीत नाही. गेल्या महिन्यात टिंबाच्या दिवशी पाऊस कोसळत होता, एसटी आलीच नाही. बरा झाला, दादा म्हणाला. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी गाडी होती, तो उठलाच नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला आता गरज नाय. मी पुण्याहून फोनवर रडत होते आणि ती मला म्हणत होती तू जेवून घे.

पाचव्या दिवशी सकाळी तिने नेहमीसारखं विचारलं, झोप लागली काय रे बाबू.

"नाय," म्हणाला.

"मगे जाऊया?"

तो बराच वेळ पडवीत बसून राहिला. मग पायरीखाली वाकून चपला शोधायला लागला.

[पायरीवर दोन जोड चपला. सव्वासातच्या एसटीचा हॉर्न.]