साडेचार सॅक

(दृश्य: ह्यूस्टनचे क्रीडांगण, रिकामी प्रेक्षागृहे. पार्श्वभूमीला रेडिओवरील अस्पष्ट बोलणे.)

28 एप्रिल 2006 रोजी, शुक्रवारी संध्याकाळी, टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरात एक बातमी आली. अमेरिकन फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, नव्या खेळाडूंची निवड दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये व्हायची होती आणि पहिल्या निवडीचा मान ह्यूस्टन टेक्सन्स या संघाकडे होता. शहरात कित्येक महिने दोनच नावांवर वाद चालू होता. त्या संध्याकाळी संघाने करार केला तो तिसऱ्याच माणसाशी. त्याचे नाव मारिओ विल्यम्स, वय 21 वर्षे, आणि काम प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला, चेंडू फेकण्याआधी गाठून पाडणे.

आयपीएलचा लिलाव पाहणाऱ्या प्रेक्षकांसाठी येथे थोडा खुलासा करावा लागेल. एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये बोली लागत नाही. गेल्या हंगामात जो संघ सर्वांत वाईट खेळला, त्याला महाविद्यालयातून येणाऱ्या खेळाडूंमधून सर्वांत आधी निवड करता येते. 2005 च्या हंगामात टेक्सन्सने 16 पैकी 14 सामने गमावले होते, म्हणून हा मान त्यांच्या वाट्याला आला. पराभवाचे हे एकमेव बक्षीस असल्यामुळे ते कोणावर खर्च करायचे, याबद्दल चाहते संघाच्या अधिकाऱ्यांइतकेच हक्काने बोलतात.

ती दोन नावे कोणती होती, हे समजल्याशिवाय त्या संध्याकाळचा संताप कळणार नाही. पहिले नाव रेजी बुशचे. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा हा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला मिळणारा 2005 सालचा हाइसमन करंडक जिंकून आला होता आणि मोकळ्या मैदानात त्याला पकडणे जवळजवळ अशक्य आहे, असे मानले जात होते. दुसरे नाव व्हिन्स यंगचे, आणि ते तर ह्यूस्टनच्या काळजातले होते. यंग याच शहरात जन्मला, येथील मॅडिसन हायस्कूलमध्ये खेळला आणि टेक्सास विद्यापीठाचा क्वार्टरबॅक झाला. 4 जानेवारी 2006 रोजी रोझ बोलच्या, म्हणजे त्या हंगामातील महाविद्यालयीन विजेतेपदाच्या, सामन्यात त्याने बुशच्याच संघाला हरवले. चौथा म्हणजे शेवटचा प्रयत्न चालू होता, पाच यार्ड हवे होते आणि घड्याळात जेमतेम काही सेकंद उरले होते. अशा वेळी त्याने स्वतः चेंडू घेऊन धाव घेतली, तो आठ यार्डांवरून गोलक्षेत्रात शिरला आणि टेक्सासने 41-38 असा विजय मिळवला. आपल्या गल्लीत वाढलेला मुलगा आणि आपल्याच शहराचा संघ पहिल्या क्रमांकावर, असा योग जुळून आलेला असताना संघाने तो हातचा सोडावा, हे सामान्य चाहत्याच्या गळी उतरणे अवघडच होते.

(दृश्य: नकाशावर ह्यूस्टन आणि नॅशव्हिल यांना जोडणारी रेषा.)

जखमेवर मीठ म्हणावे असा आणखी एक भाग होता. ह्यूस्टनचा जुना संघ ऑइलर्स 1996 च्या हंगामानंतर शहर सोडून टेनेसी राज्यात गेला आणि पुढे तेथील नॅशव्हिल शहरात टायटन्स या नावाने खेळू लागला. त्यानंतर ह्यूस्टनला नवा संघ मिळाला तो 2002 मध्ये. 2006 च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर न्यू ऑर्लिन्स सेंट्सने बुशला घेतले आणि तिसऱ्या क्रमांकावर व्हिन्स यंगला घेतले ते याच टायटन्सनी. म्हणजे ज्यांनी शहराचा संघ नेला होता, त्यांनीच आता शहराचा मुलगाही नेला, आणि दोन्ही संघ एकाच गटात असल्यामुळे तो वर्षातून दोनदा ह्यूस्टनविरुद्ध खेळणार होता.

संघाची बाजूही मुळीच पोकळ नव्हती. त्याच गटात इंडियानापोलिस कोल्ट्स होते आणि कोल्ट्सकडे पेटन मॅनिंग हा क्वार्टरबॅक होता. स्थापनेपासून 2005 अखेरपर्यंत टेक्सन्स कोल्ट्सविरुद्ध आठ वेळा खेळले होते आणि आठही वेळा हरले होते. मॅनिंगला चेंडू फेकायला निवांत वेळ मिळाला, तर समोर कोण उभे आहे याने काही फरक पडत नसे. त्याचा वेळ कमी करणे हाच उपाय होता आणि पास रशरचे, म्हणजे विल्यम्ससारख्या क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्या बचावपटूचे, सारे काम याच वेळेशी बांधलेले असते. चेंडू खेळात आल्यापासून तो क्वार्टरबॅकच्या हातून सुटेपर्यंत साधारण अडीच ते तीन सेकंद जातात. एवढ्या अवधीत आपल्या इतक्याच किंवा आपल्याहून जड माणसाला हाताने झटकून, खांद्याखालून वळून किंवा सरळ मागे रेटून आत घुसायचे असते.

या कामासाठी विल्यम्सची शरीरयष्टी दुर्मीळ होती. उंची साडेसहा फुटांच्या घरात आणि वजन सुमारे 134 किलो असलेला हा मुलगा 40 यार्डांचे अंतर जवळपास 4.7 सेकंदांत पळाला आणि जागच्या जागी 40 इंच उंच उडाला. नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाकडून शेवटच्या हंगामात त्याच्या नावावर 14.5 सॅक होते. सॅक म्हणजे क्वार्टरबॅकला चेंडूसह पाडणे, आणि दोघांनी मिळून पाडल्यास प्रत्येकाला अर्धा सॅक मिळतो. महाव्यवस्थापक चार्ली कॅसर्ली आणि त्याच वर्षी आलेले मुख्य प्रशिक्षक गॅरी कुबियाक यांच्यासमोर हा हिशेब होता. डेव्हिड कार हा क्वार्टरबॅक आपल्याकडे आहे, धावण्यासाठी डोमॅनिक डेव्हिस आहे, तेव्हा जे नाही ते घ्यावे, असा तो युक्तिवाद होता.

मात्र या युक्तिवादात एक गोम होती आणि जाणत्या चाहत्यांनी नेमके तिच्यावरच बोट ठेवले. हा डेव्हिड कार 2002 मध्ये एका हंगामात 76 वेळा सॅक झाला होता, आणि तो लीगचा विक्रम आहे. 2005 मध्येही तो 68 वेळा पाडला गेला. सॅकमुळे संघाचे काय होते, हे ह्यूस्टनच्या प्रेक्षकाला कोणी नव्याने शिकवण्याची गरज नव्हती, कारण त्याने आपल्याच क्वार्टरबॅकच्या रूपाने ते चार वर्षे पाहिले होते. या अनुभवातून काहींनी निष्कर्ष काढला की दुसऱ्याच्या क्वार्टरबॅकवर असाच प्रसंग आणणारा माणूस आपल्याकडे हवा. काहींनी नेमका उलटा निष्कर्ष काढला की आधी आपला क्वार्टरबॅक बदला, नाहीतर त्याला वाचवणारी भिंत उभी करा. माझ्या मते हा दुसरा आक्षेप त्या साऱ्या गदारोळातला सर्वांत विचारी आक्षेप होता, पण बुश आणि यंग यांच्या नावांच्या गजरात तो फारसा ऐकू आला नाही.

पैशाचीही कुजबुज झाली. संघाने बुश आणि विल्यम्स या दोघांशीही ड्राफ्टपूर्वी वाटाघाटी केल्या होत्या. विल्यम्सने सहा वर्षांसाठी 5 कोटी 40 लाख डॉलरच्या करारावर सही केली, तेव्हा स्वस्तात तयार झाला म्हणून त्याला घेतले, असे म्हणणारे निघाले. संघाने निवड खेळाच्या निकषावर झाल्याचे सांगितले. कॅसर्ली यांनी ड्राफ्टनंतर काही आठवड्यांतच पद सोडले आणि वादाला उत्तर देण्याचे काम मैदानावरच्या मुलाकडे आले.

(दृश्य: सरावाच्या मैदानावर एकटा धावणारा खेळाडू, पाठमोरा.)

पहिल्या हंगामात त्याने 4.5 सॅक नोंदवले. तळपायाला सूज असताना तो सर्व 16 सामने खेळला, परंतु आकड्यांच्या रकान्यात दुखण्यासाठी जागा नसते. क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या समोरच्या लाइनमनला मागे ढकलून क्वार्टरबॅकला घाईने चेंडू टाकायला लावले, तरी सॅकच्या हिशेबात ते शून्यच धरले जाते. साडेचार हा आकडा शहरात टोमण्यासारखा वापरला जाऊ लागला. 10 डिसेंबर 2006 रोजी व्हिन्स यंग टायटन्सच्या पोशाखात ह्यूस्टनला आला. सामना जादा वेळेत गेला आणि यंगने 39 यार्ड धावून टचडाउन केला, म्हणजे चेंडू गोलक्षेत्रात नेला. टायटन्स 26-20 असे जिंकले. संपूर्ण वाद ज्या भीतीतून उपजला होता, ती भीती अवघ्या आठ महिन्यांत घरच्या मैदानावर खरी ठरली. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू म्हणूनही यंगचीच निवड झाली. त्याच महिन्यात, 24 डिसेंबरला, टेक्सन्सने मॅनिंगच्या कोल्ट्सना इतिहासात प्रथमच हरवले, तेही 27-24 असे. पण शहराच्या बोलण्यात त्या विजयाला यंगच्या धावेइतकी जागा मिळाली नाही.

पुढची गोष्ट आकडे जास्त चांगली सांगतात. 2007 मध्ये विल्यम्सने 14 सॅक केले आणि 2008 मध्ये 12. 2008 आणि 2009 च्या हंगामांसाठी तो प्रो बोलसाठी, म्हणजे लीगमधील निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी, निवडला गेला. ह्यूस्टनमधील सहा हंगामांत त्याच्या नावावर 53 सॅक जमा झाले. 2012 मध्ये त्याने बफेलो बिल्सशी केलेला करार त्या वेळी बचावपटूला मिळालेला सर्वांत मोठा करार होता, आणि कारकीर्द संपली तेव्हा एकूण सॅक 97.5 होते. बुशने न्यू ऑर्लिन्सकडून पाच वर्षांत धावून 2,090 यार्ड मिळवले. त्या संघाने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला, पण एका हंगामात हजार यार्डांचा टप्पा बुशने गाठला तो मायामीला गेल्यावर. यंग 2011 मध्ये टेनेसीतून बाहेर पडला आणि त्या हंगामानंतर लीगच्या नियमित सामन्यात पुन्हा खेळला नाही.

एवढ्यावरून चाहते मूर्ख होते आणि अधिकारी शहाणे होते, असे म्हणणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. विल्यम्सच्या पहिल्या पाच हंगामांत टेक्सन्स एकदाही बाद फेरीत पोहोचले नाहीत. ते पहिल्यांदा पोहोचले 2011 मध्ये, आणि तेव्हा विल्यम्स छातीचा स्नायू फाटल्यामुळे पाच सामन्यांनंतर घरी बसला होता. जानेवारी 2012 मधील त्या पहिल्या बाद सामन्यात चेंडू हवेतच पकडून टचडाउन करणारा होता जे. जे. वॉट. तोही बचावफळीतलाच, आणि 2011 मध्ये अकराव्या क्रमांकावर त्याची निवड जाहीर झाली, तेव्हा ह्यूस्टनमध्ये जमलेल्या चाहत्यांनी त्याचीही हुर्यो उडवली होती. पुढे तो तीन वेळा लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. 2014 मध्ये पुन्हा पहिली निवड टेक्सन्सची होती. पुन्हा टेक्सासच्या महाविद्यालयातला एक लाडका क्वार्टरबॅक, जॉनी मँझेल, उपलब्ध होता आणि संघाने पुन्हा पास रशर जेडेवियन क्लाउनीच घेतला. क्लाउनीचा गुडघा पहिल्याच सामन्यात दुखावला आणि पहिल्या हंगामात त्याच्या नावावर एकही सॅक लागला नाही. तरीही मँझेलसाठी कोणी फार काळ हळहळले नाही, कारण 2015 नंतर तो लीगमध्येच नव्हता.

(दृश्य: 2006 च्या ड्राफ्टची यादी. कॅमेरा पहिल्या नावावरून खाली सरकतो आणि 33 व्या नावावर थांबतो.)

2006 च्या त्याच ड्राफ्टमध्ये टेक्सन्सने दुसऱ्या फेरीत, 33 व्या क्रमांकावर, डेमेको रायन्स नावाचा लाइनबॅकर, म्हणजे बचावातल्या दुसऱ्या रांगेतला खेळाडू, घेतला होता आणि त्या निवडीवर कोणी भांडले नव्हते. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित बचावपटू तोच ठरला. 2023 मध्ये रायन्स टेक्सन्सचे मुख्य प्रशिक्षक म्हणून परतले. त्यांच्या पहिल्याच ड्राफ्टमध्ये संघाने दुसऱ्या क्रमांकावर सी. जे. स्ट्राउड हा क्वार्टरबॅक घेतला आणि लगेच ॲरिझोनाशी अदलाबदल करून तिसऱ्या क्रमांकावर विल अँडरसन ज्युनिअर या पास रशरला घेतले. त्या अदलाबदलीत पुढच्या वर्षाची पहिल्या फेरीची निवडही द्यावी लागली. त्या किमतीवरून वाद झाला, पण ज्याला घेतले त्याच्यावरून झाला नाही. अँडरसनने पहिल्या हंगामात 7 सॅक केले, विल्यम्सच्या पहिल्या हंगामापेक्षा अडीच जास्त, आणि वर्षातील सर्वोत्तम नवोदित बचावपटूचा मानही मिळवला. त्याच्या नावापुढे दुसऱ्या कोणाचे नाव ठेवून हिशेब मागावा, अशी वेळ ह्यूस्टनवर आली नाही, कारण शहराला हवा असलेला क्वार्टरबॅक या वेळी त्याच पोशाखात, त्याच मैदानावर उभा होता.