वारस नोंद

[दृश्य : लंडन, रात्र. गाडीतून उतरणारी केट मिडलटन. गळ्यातला हिऱ्यांचा हार जवळून.]

फेब्रुवारी २०१४. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत केट मिडलटन हा हार घालून आल्या. हार त्यांच्या आजेसासूबाईंचा, राणी एलिझाबेथ यांचा. राणींना तो लग्नाच्या आहेरात आला होता, नोव्हेंबर १९४७ मध्ये. आहेर करणारा राजा आपल्याच मुलखाचा होता. हैदराबादचे सातवे निजाम, मीर उस्मान अली खान. त्यांनी कार्तिए या जवाहिऱ्याला कळवलं होतं की शहजादीला जे आवडेल ते तिलाच निवडू द्या. तिनं एक मुकुट आणि हा हार निवडला. मुकुट १९७३ मध्ये मोडला, त्याचे हिरे दुसऱ्या मुकुटात बसवले. हार मात्र राहिला.

[दृश्य : धाराशिव जिल्हा. माळवदाचं घर. पत्र्याची पेटी उघडते.]

ही आमच्या आजोबांची पेटी. डांबराच्या गोळ्यांचा वास अजून येतो. तळाशी मेणकापडात गुंडाळलेली शेतसारा भरल्याची एक पावती आहे. उर्दूत लिहिलेली, कडेला वाळवी लागलेली. आकडा पुसट झालाय, पण साल वाचता येतं. फसली १३५७. निजामाच्या राज्यातलं हे फसली साल ऑक्टोबर १९४७ ते सप्टेंबर १९४८ असं चालायचं. म्हणजे लंडनमध्ये आहेर पोचला त्याच वर्षाची ही पावती.

त्या वर्षी देश स्वतंत्र झालेला होता, मराठवाडा नव्हता. इथं तिरंगा लावला की तुरुंग. रझाकारांच्या भीतीनं बायामाणसं रात्री शेतात झोपायची. आणि अशाही वर्षात आजोबांनी सारा भरला, पावती घेतली, जपून ठेवली. रुपयाही इंग्रजांचा कलदार नव्हे, निजामाचा हाली.

तो रुपया कुठं जायचा? संस्थानाचा खजिना दोन ठिकाणी होता. एक दिवाणी, म्हणजे सरकारी. दुसरा सर्फ-ए-खास, निजामाचा स्वतःचा. संस्थानाची सुमारे एक दशांश जमीन या सर्फ-ए-खासात होती आणि तिचा वसूल थेट राजाच्या घरी जायचा. धाराशिव जिल्ह्यात अशा जमिनी होत्या. आमचं गाव त्यातलंच. जुनी माणसं अजून ‘सरफेखासातलं गाव’ असंच म्हणतात.

त्या हारातला हिरा आजोबांच्या ज्वारीतून आला असं मी म्हणणार नाही. तसा हिशेब कुणालाच मांडता येणार नाही. पण १९३७ साली टाइम मासिकानं या राजाला जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर छापलं, तेव्हा त्या श्रीमंतीत आमच्या गावाचे आणे होते, एवढं मी छातीठोकपणे सांगतो.

[दृश्य : १७ सप्टेंबरचं ध्वजवंदन. नंतर हैदराबादचा चौमहल्ला राजवाडा.]

१७ सप्टेंबर १९४८ ला राज्य गेलं. संपत्ती गेली नाही. १९४९ मध्ये सर्फ-ए-खास सरकारात विलीन झालं, त्याबदल्यात वर्षाला २५ लाख रुपये ठरले. शिवाय ५० लाख तनखा आणि राजवाड्यांच्या देखभालीला २५ लाख. सगळे मिळून १ कोटी. तनखे बंद व्हायला १९७१ ची २६ वी घटनादुरुस्ती यावी लागली.

दागिन्यांसाठी निजामांनी आधीच ट्रस्ट करून ठेवले होते. बरीच वर्षं कोर्टकचेऱ्या झाल्यावर १९९५ मध्ये भारत सरकारनं १७३ दागिने २१८ कोटींना विकत घेतले. त्यात १८४.७५ कॅरटचा जेकब हिरा, जो निजाम कागदावर वजन म्हणून ठेवत. किल्लारीच्या भूकंपात पडलेली आमच्या शेजारची गावं तेव्हा अजून उभी राहत होती. मला हे आठवलं की आत काहीतरी हलतं. ज्यांनी सारा भरला, त्यांच्याच सरकारनं ते दागिने पैसे मोजून घेतले.

निजामांचे नातू मुकर्रम जाह यांच्या वाट्याला हजारो नोकरचाकर आणि वारसांचे दावे आले. ते ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या कुरणावर जाऊन राहिले, जानेवारी २०२३ मध्ये इस्तंबूलला वारले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. जन्म कुणी मागून घेत नाही.

[दृश्य : कॉर्नवॉलची हिरवी शेतं.]

हार मात्र जिथं गेला, तिथं वारसा अजून चालू आहे. ब्रिटनमध्ये सामान्य माणसाच्या ठरावीक रकमेपुढच्या मिळकतीवर ४० टक्के वारसा कर लागतो. राजाकडून राजाकडे गेलेल्या मिळकतीला तो लागत नाही. २०२२ मध्ये राणी गेल्या, चार्ल्स राजे झाले आणि १३३७ पासून चालत आलेली कॉर्नवॉलची जहागीर थोरल्या मुलाकडे, म्हणजे केटचे नवरे विल्यम यांच्याकडे गेली. कॉर्नवॉलमध्ये कुणी मृत्युपत्र न करता, वारस न ठेवता मेला, तर त्याचं मागे राहिलेलंही त्या जहागिरीकडे जातं.

एक बदल ब्रिटननं केला. २०१३ च्या कायद्यानं थोरल्या मुलीला धाकट्या भावाच्या आधी गादीचा हक्क दिला. विल्यमची मुलगी शार्लट धाकट्या भावाच्या आधी रांगेत उभी आहे ती त्यामुळंच.

[दृश्य : पुन्हा पेटी. पावतीखालचा स्टॅम्पपेपर.]

पेटीत पावतीच्या खाली आणखी एक कागद आहे. हक्कसोडपत्र. आजोबा गेल्यावर वारस नोंद झाली, फेरफार झाला, सातबाऱ्यावर वडील आणि दोन चुलते लागले. आत्याचं नाव नाही. तिचा निळा अंगठा या कागदावर आहे. त्या दिवशी तिला साडीचोळी केली होती. ती साडी चांगली होती असं घरात अजून सांगतात. त्या जमिनीच्या उत्पन्नावर मी शिकलो.

आत्या आता ऐंशीच्या पुढं आहे. हा कागद मी तिला दाखवला. तिनं चष्मा वर केला, बोट ठशावर ठेवलं आणि म्हणाली, “लई दिवस जात नव्हती बघ ती शाई. भाकरी थापताना मला दिसायची.”