तीनपर्यंत ती बरी होती

(दृश्य: खिडकीशी बसलेली बाई. खांद्यावर पांघरूण, केसांत अर्धवट फिरवलेला कंगवा.)

दुपारी तीनपर्यंत ही बाई ठणठणीत होती. मग पाठीतून एक शिरशिरी गेली, आणि तासाभरात अंग असं मोडून आलं की कंगवा टेकला तरी टाळू दुखतो.

ही वेळ महत्त्वाची आहे. सर्दी रेंगाळत येते. आज घसा खवखवतो, उद्या नाक गळतं. फ्लू बहुतेकदा एकदम गाठतो. थंडी वाजून ताप, ठणकणारं डोकं, कोरडा खोकला, आणि उठून पाणी घ्यायचंही त्राण नाही. लहान मुलांना उलट्या-जुलाबही होतात. म्हाताऱ्या माणसांना मात्र ताप येईलच असं नाही. ती नुसती गळून जातात, जेवण तुटतं, कधी असंबद्ध बोलू लागतात. तेव्हा थर्मामीटरवर सगळी भिस्त ठेवू नका.

(दृश्य: आदला दिवस. तीच बाई घोळक्यात, हसत बोलते आहे.)

विषाणू शिरल्यापासून साधारण २ दिवसांनी लक्षणं दिसतात. पण त्याच्या १ दिवस आधीपासूनच तो दुसऱ्याला लागू शकतो. काल तिला कसलीच कल्पना नव्हती, तिचा काय दोष? प्रश्न आजचा आहे. आजारपणाचे पहिले ३-४ दिवस लागण होण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, आणि नेमके तेच दिवस आपण अंगावर काढतो. तापाची गोळी घेतो आणि कामावर जातो. गोळीने ताप उतरतो, खोकल्यातून उडणारा विषाणू थांबत नाही. गोळीशिवाय २४ तास ताप आला नाही, की मगच घराबाहेर पडा.

(दृश्य: खोकताना तोंडासमोर धरलेला तळहात. तोच हात दाराच्या मुठीवर.)

हा हात नीट बघा. कडक, गुळगुळीत वस्तूंवर हा विषाणू २४ ते ४८ तास टिकू शकतो. पुढचा माणूस मूठ धरतो, नकळत डोळा चोळतो. म्हणून खोका ते कोपराच्या वळणात. विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं, साबण ते फोडतो; पण त्याला २० सेकंद तरी द्या. अंगठा आणि नखांच्या कडा हमखास राहून जातात. घरात कुणी आजारी असेल तर खिडक्या उघड्या ठेवा, जवळ जाताना मास्क लावा.

अँटिबायोटिक फ्लूच्या विषाणूवर चालत नाही. विषाणूविरोधी औषध असतं, पण ते पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं. गरोदर बाई, ५ वर्षांखालचं मूल, ६५ च्या पुढचं माणूस, दमा, मधुमेह किंवा हृदयविकाराचा रुग्ण असेल, तर 'उद्या बघू' म्हणू नका. मुलांना अॅस्पिरिन अजिबात देऊ नका. धाप लागली, छातीत दुखलं, ओठ निळसर पडले, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर थेट दवाखाना गाठा.

आणि लस. विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून लसीत कोणते प्रकार घ्यायचे ते जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा सुचवते. गेल्या वर्षीच्या लसीवर यंदा विसंबता येत नाही. संरक्षण तयार व्हायला साधारण २ आठवडे लागतात, तेव्हा साथ येण्याआधीच घ्या. ६ महिन्यांच्या बाळापासून पुढे ती देता येते.

(दृश्य: पुन्हा तीच खोली. खिडकी उघडी.)

तिने फोन करून कळवलंय, 'आज येत नाही. उद्याही नाही.' दाराबाहेर कुणीतरी पाण्याचा तांब्या ठेवलाय. पावलं लांब गेल्यावर ती दार उघडते.